गूळ भरवून मिटवलेली भांडणं

आप्पा, तुमच्या गुळाची गोष्ट मी गेल्या महिन्यात निपाणीच्या ट्रेनिंगमध्ये शेवटपर्यंत सांगितली. शेवटपर्यंत म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तिचा अर्धाच भाग तुम्हाला माहीत होता. तो अर्धा भाग मी इतकी वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आले, आणि ऐकणारे मान डोलावत आले. उरलेला अर्धा सांगितला त्या दिवशी तुमचा एक जुना विद्यार्थी चहा न घेता उठून गेला. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. कुणाशी बोलावं तर आई नाही, आणि घरातल्यांना वाटतं, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस. म्हणून कागद घेऊन तुमच्याशीच बोलते.

तुम्ही गेलात तेव्हा मी साधी शिक्षिका होते. आता मी सीआरपी आहे. म्हणजे निपाणीच्या आसपासच्या मराठी शाळांत फिरायचं, वर्गात मागे बसून बघायचं, आणि खात्याकडून येतील ती ट्रेनिंगं शिक्षकांना द्यायची. यंदा दिवाळीनंतर एक नवीनच ट्रेनिंग आलं. शाळेत मुलं मुलांना छळतात ते ओळखायचं कसं आणि थांबवायचं कसं. पुस्तक कन्नडमध्ये येतं, मी ते आधी वाचते आणि मराठीत सांगते. याला ट्रेनिंग कशाला लागतं, असं म्हणून तुम्ही हसला असतात. आजचे मास्तरही हसतातच. पहिल्याच दिवशी एक गुरुजी उठून म्हणाले, "मॅडम, ह्येला आमच्यात खोडी म्हणत्यात. पोरांनी खोड्या करायच्या न्हाईत तर काय आपण करायच्या?" सगळा हॉल हसला. ट्रेनिंग म्हटलं की निम्मे मास्तर उप्पिटासाठी येतात आणि निम्मे सहीसाठी. त्यांना जागं ठेवायचं तर गोष्ट लागते. मग मी तुमची गोष्ट काढायचे.

आमचे आप्पा कोगनोळीकडच्या एका गावात हेडमास्तर होते, अशी माझी सुरुवात असायची. आजूबाजूच्या शाळांत निरगुडीचे फोक चालायचे, पण आप्पांनी कधी छडी हातात धरली नाही. त्यांच्या कपाटात गुळाचा डबा असायचा, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवलेला. गुऱ्हाळं सुरू झाली की कुणी ना कुणी पालक भेली आणून द्यायचा. दोन पोरं भांडली की आप्पा दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर दोघांना पुढे बोलवायचे, दोघांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवायचे आणि म्हणायचे, "टाळी एका हातानं वाजत न्हाय. मन मोठं करा, भरवा एकमेकाला." पोरं लाजत लाजत भरवायची, सगळी शाळा टाळ्या वाजवायची. आप्पा म्हणायचे, "मिटलं." इथे मी थांबायचे. हॉलमधल्या बायकांचे डोळे ओले झालेले असायचे. त्यानंतर मी कन्नड पुस्तकातलं काय काय सांगायचे, की एकट्या पडलेल्या मुलाला छळणाऱ्यासमोर उभं करू नका, त्याच्याकडून माफी मागवू नका आणि त्याला माफ करायलाही लावू नका. तोवर उप्पिट आलेलं असायचं. पुस्तक आणि गोष्ट एकमेकांच्या अगदी उलट बोलत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे त्याहून नवल.

गोष्ट खोटी नव्हती, आप्पा. तुम्ही खरंच कुणाला मारलं नाहीत. शेजारच्या गावातली पोरं आपल्या गावची शाळा सोडून बांधाबांधाने चालत तुमच्याकडे यायची, ती काही तुमचं गणित चांगलं होतं म्हणून नव्हे. तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला कोल्हापूरहून, बेळगावहून माणसं आली. त्यातला एक, जो पुढे स्वतः हेडमास्तर झाला, उभा राहून एवढंच म्हणाला, "मास्तरांनी आमच्या तोंडात कधी कडू घातलं न्हाय." सगळे रडले. मीही रडले. त्या दिवसापासून मी ही गोष्ट सांगायला लागले. तुमच्या माघारी तुमचं काहीतरी माझ्यापाशी असावं, एवढीच त्यात हौस होती.

त्या पहिल्या ट्रेनिंगला निपाणीतल्याच एका शाळेतला तरुण शिक्षक होता. खानापूरकडचा, नोकरीला लागून फार दिवस न झालेला, खोली करून राहणारा. पोरांत पोर होणारा, भला माणूस. थंडीत कधीतरी त्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्या आप्पांसारखं केलं बघा. वर्गात एका पोरीवरनं जरा चाललं होतं. गूळ भरवायला लावला. मिटलं." मी त्याला शाब्बास म्हटलं. फोन ठेवल्यावर मला तुमचा फार अभिमान वाटला. आईचा फोटो समोर होता, तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

संक्रांतीनंतर त्याच्या शाळेत गेले तर ती सातवीतली मुलगी शाळेत येत नव्हती. तो मला वर्गाबाहेर घेऊन गेला आणि सांगताना त्याची मान वर होईना. आप्पा, निपाणीची हवा तुम्हाला सांगायला नको. तंबाखूचा सीझन आला की वखारीवरून जाताना नवा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. वखारीत काम करणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधतात, पण तो वास केसात, लुगड्यात, घरातल्या वाकळेतसुद्धा जाऊन बसतो. या मुलीची आई वखारीत आहे. मुलगी वर्गात आली की पहिल्या बाकावरून एक शिंक यायची. मग दुसरी. मग सगळी रांग. कुणी शिवी देत नाही, कुणी हात लावत नाही, वस्तीचं नाव काढत नाही. शिंक पुरते. शिक्षकाच्या कानावर पडायचं, पण त्याला वाटायचं सीझन आहे. आणि पहिली शिंक कुणाची, तर एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलाची. ज्याचं घर तंबाखूवर उभं आहे, ज्याच्या चुलत्याच्या वखारीत या मुलीची आई कामाला आहे, त्याच्या अंगाला मात्र कुणाला कधी वास आला नाही.

शेवटी मुलीने सरांना सांगितलं. सांगायला तिला किती दिवस लागले असतील कोण जाणे. सरांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून गूळ आणला. त्या मुलाला आणि तिला फळ्यापुढे उभं केलं. टाळी एका हातानं वाजत नाही, हेही म्हणाले, कारण मी ते म्हणून दाखवलं होतं. दोघांनी भरवलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शिंका थांबल्या, आणि सरांनी मला फोन केला. पण दोन-तीन दिवसांनी तिच्या बाकावर गुळाचा खडा ठेवलेला सापडला. मग दप्तरात. मग वह्यांत. तिची पुस्तकं मुंग्यांनी भरायला लागली. मधल्या सुट्टीत पोरं जवळ येऊन विचारायची, "भरवू काय गं?" ती पुन्हा सरांकडे गेली नाही. कशी जाईल? सरांकडे गेल्यावर काय होतं ते तिने बघितलं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच वखारीतून आली होती, दारातल्या बादलीत तोंड धूत होती. आत भिंतीला टेकून आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि मुलगी तिला पानं कातरून देत होती. शाळेचाच शर्ट अंगात होता. आईने मला बसायला पोतं झटकून टाकलं. "बाई, तुमी आलासा, बरं वाटलं. पर ती न्हाय यायची. सातवी बास झाली. म्हातारीला हात व्हतोय, घरात बसून विड्या वळंल."

मी म्हटलं, "तुम्ही शाळेत तक्रार का केली नाही?"

"कशाची? शिंकंची?" ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "त्येचा चुलता माझा मालक. मी काय बोलू? सरानं तरी मोठ्या मनानं गूळ आणला. त्या पोरानं हिच्या तोंडात घातला, तवा सगळ्यांनी टाळ्या वाजिवल्या म्हणं. मांजराचा खेळ हुतुया बाई, उंदराचा जीव जातुया."

मुलगी पानं कातरता कातरता, वर न बघता म्हणाली, "सर म्हणले, तुमच्या आप्पांच्या शाळंत आसंच करायचे. खरं हाय?"

"व्हय."

"मग मिटायचं?"

आप्पा, उत्तर जिभेवर होतं. हॉलमध्ये किती वेळा दिलंय. मिटायचं की, असं म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि उद्या शाळेत ये म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्या घरात तंबाखूचा उग्र वास भरला होता, माझ्याच नाकाला शिंक आली होती आणि ती मी जीव खाऊन दाबून धरली होती. तशीच बसून मी म्हटलं, "न्हाय. मला भरवला होता एकदा. माझं न्हाय मिटलं."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "मग तुमी शाळा सोडलासा?"

"न्हाय. घरात हेडमास्तर. सोडून जाते कुठं?"

म्हातारी सुपावर वाकून खुदकन हसली. मुलगी हसली नाही. मी तिला विचारलं, तुला काय पाहिजे? तिने कात्री खाली ठेवली. "मला त्यांच्यासंगं दोस्ती नको," ती म्हणाली. "मन मोठं बी न्हाय करायचं. नुसतं बसू द्या म्हणावं वर्गात."

मन मोठं करणं. हा तिच्या सरांचा शब्द नव्हे, आप्पा, तुमचा आहे. तो मी गोष्टीतून सरांना दिला आणि सरांनी तिला.

आता तुम्हाला माहीत नसलेला भाग. मी चौथीत आहे. तुमच्याच शाळेत. सातवीतल्या दोघी मला हौदामागे गाठतात आणि दंडाला चिमटे काढतात. कारण असं काही नाही. त्यातल्या मोठीला तुम्ही कधीतरी पाढे चुकले म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं असेल, तेवढं पुरलं असेल. मास्तराची पोर म्हणून मी त्यांना बरी सापडले. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून जेवता आहात, आणि मी बाही वर करून तुम्हाला दंड दाखवते. तुम्ही जेवता जेवता थांबता. डाव्या हाताने माझा दंड धरून बघता. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मला स्वच्छ आठवतं. तुम्ही म्हणता, "उद्या मिटवू आपण." मी त्या दिवशी जेवते, झोपते, आणि मला वाटतं की जगात माझ्याएवढं सुखी कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही आम्हाला बोलावलंत. मोठीच्या हातावर खडा ठेवलात, माझ्या हातावर ठेवलात. तिने माझ्या तोंडापाशी हात आणला आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. सगळी शाळा बघत होती. तुम्ही खाली वाकलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि अगदी हळू म्हणालात, "तोंड उघड. हेडमास्तराची पोर असून मन मोठं न्हाय?" तुम्ही मला कधी रागावला नाहीत. तेवढंच एक बोलणं. मी तोंड उघडलं. तिने गूळ आत घातला आणि घालताना नख माझ्या हिरडीत रुतवलं. ते तुम्हाला दिसलं नाही. मग मी तिला भरवलं. टाळ्या वाजल्या. तुम्ही म्हणालात, मिटलं. गुळाला रक्ताची चव येत होती आणि तुम्ही माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होता की मी हसले. दुपारी हौदामागे त्या दोघी थांबल्या होत्या. "गोड लागला काय गं?" मोठी म्हणाली. त्या सातवी होऊन जाईपर्यंत माझे दंड तसेच होते. मी पूर्ण बाह्यांचं पोलकं हट्टाने शिवून घेतलं, आईला वाटलं पोरीला नटायची हौस आली. तुम्ही संकेश्वरच्या बाजारातून त्याला लावायला मण्यांची बटणं आणलीत.

हे मी विसरले होते असं नाही. पण एका डब्यात दोन गोष्टी ठेवाव्यात आणि एकच बाहेर काढावी, तसं झालं होतं. त्या मुलीच्या घरातून परतताना मला कळलं की मी जी गोष्ट हॉलमध्ये सांगते, ती टाळ्या वाजवणाऱ्यांची गोष्ट आहे. मध्ये उभ्या असलेल्या पोरीची नव्हे.

गेल्या महिन्यातलं ट्रेनिंग त्याच विषयाचं पुढचं. तुमच्या दहाव्याला बोलला होता तो तुमचा विद्यार्थी तिथे होता. आता केस पांढरे झालेत, निवृत्तीला आलेत, सगळे मान देतात. सुरुवातीलाच ते म्हणाले, "आक्का, पुस्तकातलं ऱ्हाऊ दे. आधी मास्तरांच्या गुळाची गोष्ट होऊ दे." तो खानापूरचा तरुण शिक्षक दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आज टाळलं तर पुढच्या महिन्यात आणखी कुणीतरी गूळ आणणार. मी गोष्ट सांगितली. नेहमीसारखीच, परात, भेली, निरगुडीचे फोक सगळं. "मिटलं" इथे मी थांबते हे सगळ्यांना पाठ आहे. तिथे थांबले नाही.

माझं सांगून झालं. मग तुमचा विद्यार्थी उभा राहिला. आवाज चढला नव्हता. "आक्का, त्या काळात आमाला घरात बी मार आणि भाईर बी मार. मास्तरांनी हात लावला न्हाय. तेवढ्यावर आमी शिकलो. आज तुमी चारचौघांत त्यांनाच उभं केलासा." मी म्हटलं, "व्हय, त्यांनी मारलं न्हाय. ते खरं हाय. आणि हे बी खरं हाय." ते म्हणाले, "बापाला आसं बोलत न्हाईत," आणि पिशवी उचलून गेले. आप्पा, त्यांचं मला वाईट वाटलं. तुमच्यावरचा त्यांचा जीव माझ्यापेक्षा सरळ आहे. दोन पोरं विटीदांडूवरून भांडली तर तुमचा गूळ खरंच मिटवत असेल, आणि त्यांचं तसंच मिटलं असेल. पण छळ म्हणजे भांडण नव्हे. एक जण मारतो आणि दुसरा मार खातो, तिथे दोघांच्या हातावर सारखा खडा ठेवला की मार खाणाराही निम्मा गुन्हेगार होतो. टाळी एका हाताने वाजत नाही, पण थोबाडीत एकाच हाताने बसते. हे मी त्या हॉलमध्ये बोलले. बोलताना तुमच्याबद्दल बोलते आहे असं वाटत नव्हतं, नंतर वाटलं.

एका बाईंनी हात वर केला. "पटलं मॅडम. पण मग करायचं काय? गूळ न्हाय, छडी न्हाय." तेव्हा तो तरुण शिक्षक उठला. "तसाच गूळ मी माझ्या वर्गात भरवायला लावला," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं, शिंका, मुंग्या, सगळं. मग आम्ही पुस्तक उघडलं, आणि आप्पा, त्या दिवशी कुणाला उप्पिटाची आठवण झाली नाही. पोरीशी वेगळं बोलायचं, पोराशी वेगळं. तिला काय हवं ते आधी तिला विचारायचं. जी बाकीची पोरं नुसती साथ देतात, त्यांना एकेकटं गाठून बोलायचं, कारण पहिली शिंक एकाची असली तरी तिला जोर रांगेचा असतो. तिची जागा बदलायची नाही, बदलायची तर त्याची. आणि मिटलं असं आपण म्हणायचं नाही. मुलीने म्हणेपर्यंत विचारत राहायचं. सांगायला सोपं आहे. त्या पोराचे व्यापारी वडील शाळेत येऊन म्हणाले, "आता शिंकाय बी बंदी व्हय सर?" आमचे सर घाबरले, पण हटले नाहीत. मी सोबत गेले होते. तिच्या आईच्या कामाला धक्का लागला तर काय, ही धास्ती मला अजून आहे. अजून तरी लागलेला नाही.

मुलगी शाळेत येते आहे. आधी दोन दिवस आली, मग एक दिवस नाही, मग आली. सर आता तास सुरू व्हायच्या आधीच दारात उभे असतात. तिच्या शेजारी एक मुलगी आपणहून येऊन बसायला लागली, तीही आधी शिंकायची. परवा मी मागे बसले होते तेव्हा एका पोराला खरीखुरी शिंक आली. सीझनच आहे. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, लालबुंद झाला, आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. ती फळ्याकडे बघत राहिली, पण तिची पाठ ताठ झालेली मला मागून दिसत होती. हे मिटलेलं नाही. कधी मिटेल मला माहीत नाही.

मी दर शनिवारी जाते. सुट्टी झाल्यावर तिच्याजवळ बसते आणि विचारते, "बरं चाललंय न्हवं?" ती म्हणते, "व्हय बाई." गेले काही शनिवार असंच चाललं. पण तो व्हय मला चांगला ओळखीचा आहे. गूळ भरवल्यानंतर तुम्ही मला रोज संध्याकाळी सायकलवर पुढे बसवून घरी आणताना हेच विचारायचात, याच शब्दांत. तुमची हनुवटी माझ्या डोक्याला लागायची. आणि मी म्हणायचे, व्हय. मग तुम्ही शीळ घालायचात. त्यानंतर मी कॉलेजात गेले, लग्न झालं, सासरी जे झालं ते झालं, तुम्ही विचारत राहिलात आणि मी व्हय म्हणत राहिले. शेवटी दवाखान्यात तुम्ही आईला म्हणालात, "पोरीनं कधी कसला ताप दिला न्हाय बघ." मी पलीकडे खुर्चीवर बसून ऐकत होते.

आज शनिवार होता. मी तिला काही विचारलं नाही. नुसती बसले. पोरं पांगली, सरांनी वर्गाला कडी घातली, तरी ती उठेना. मग पायरीवरचा खडा बोटाने ढकलत म्हणाली, "न्हाय बाई. परवा परत दप्तरात गूळ घाटलाता." आणि कुणी, ते सांगितलं. मी तिचं ऐकून घेतलं, सोमवारी काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवलं, आणि तिला तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले. पोरीच्या दप्तरात परत मुंग्या आणि मी बसस्टँडवर उभी राहून आनंदाने रडत होते, बघणाऱ्याला काय वाटलं असेल. तिने मला न्हाय म्हटलं, आप्पा. आणि त्याच पावली मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि भरपूर आला. तुम्ही एकदा तरी न विचारता बसला असतात तर?

हे कागद मी फाडणार नाही आणि तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, असेच राहतील. पण खरं सांगायचं तर आत्ता या दारातून तुम्ही आत आलात आणि बरं चाललंय न्हवं असं विचारलंत, तर हे मी हाताखाली झाकेन आणि व्हय म्हणेन.